बंद होताना अडलेला संगणक आणि हरवलेली नोंद

नागपूरच्या कळमना मार्केट यार्डात धान्य, मिरची, संत्री, कांदे-बटाटे असा नाना प्रकारचा माल वर्षभर येत असतो. सकाळी गाड्या लागतात, ढीग पडतात, लिलाव बोलले जातात, काट्यावर पोती चढतात. दिवस कलू लागला की यार्डातली गजबज ओसरते आणि पेढीच्या आतले काम वाढते. मग हमालांचे व मापाऱ्यांचे काम संपून मुनीमजींचे सुरू होते. कोणाचा माल किती भरला, कोणत्या भावाने गेला, हमाली-तोलाई किती झाली, गाडीभाडे किती दिले, शेतकऱ्याच्या हाती चुकारा किती पडला, या सर्वांचा मेळ बसला म्हणजे दिवस पार पडला असे समजण्याची व्यापारी घरांची रीत आहे.

हा मेळ पूर्वी लाल वहीत बसत असे. आता तो संगणकावर बसतो. अलीकडे त्या संगणकातही बदल होऊ लागला आहे. विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि अनेक जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. यंत्र चालते आहे, पण त्यावरची प्रणाली जुनी झाली, अशी ही अडचण. त्यावरचा एक मार्ग म्हणजे लिनक्स. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली सुरू केलेली ही प्रणाली विनामूल्य मिळते आणि जुन्या यंत्रावरही बरी चालते. आपल्या देशात सी-डॅक या सरकारी संस्थेने तिच्याच आधारावर ‘बॉस’ नावाची प्रणाली तयार केली आहे. धडधाकट वस्तू टाकून न देता तिचा पुरेपूर उपयोग करणे हा व्यापारी घराचा जुनाच स्वभाव असल्यामुळे ही सोय अनेकांना पटते.

मात्र लिनक्स वापरणाऱ्यांची एक तक्रार वारंवार ऐकू येते. दिवसभर संगणक उत्तम चालतो. संध्याकाळी बंद करताना मात्र अडतो. पडदा काळा होतो, दिवा जळत राहतो, पंखा फिरत राहतो आणि यंत्र काही थांबत नाही. डिसेंबरच्या आरंभी नागपुरात सूर्यास्त साडेपाचच्या सुमारास होतो. ज्या घरांत सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा नियम पाळला जातो, त्या घरच्या माणसाला तेव्हा एकेक मिनिट मोलाचे वाटते. अशा वेळी हात सहज भिंतीवरच्या बटणाकडे जातो. त्या एका बटणाने काय घडू शकते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

पेढीवरची एक संध्याकाळ

एका पेढीचे उदाहरण डोळ्यांसमोर आणावे. पेढी काल्पनिक आहे. तिच्यात घडते ते मात्र कोठेही घडू शकेल असे आहे.

मिरची आणि धान्याची अडत. पेढीवर दोन संगणक. एक पुढे गल्ल्याजवळ, दुसरा मागच्या गोदामात. हिशेबाच्या सर्व फायली गोदामातल्या यंत्रात ठेवलेल्या आणि गल्ल्यावरचे यंत्र नेटवर्कच्या तारेने त्या फायलींशी जोडलेले. दोन्हींवर लिनक्स. मुनीमजी पेढीवर एकतीस वर्षांपासूनचे. वहीवरून संगणकावर आले तेही न कुरकुरता.

डिसेंबरचा पहिला आठवडा. भिवापूरकडून मिरची घेऊन आलेल्या गाडीचे भाडे, ४,२०० रुपये, मुनीमजींनी रोख दिले. गाडीवाला गेला. मुनीमजींनी तक्त्यात नोंद केली आणि ती जतन करण्यासाठी कळ दाबली. त्याच्या जरा आधीच मागे काम करणाऱ्या मुलाने गोदामातला संगणक रीतसर बंद केला होता आणि जाता जाता राऊटरचे बटणही बंद केले होते. मुनीमजींच्या पडद्यावर बाण फिरत राहिला, मग खिडकी फिकट झाली. तेवढ्यात दारातून बाबूजींची हाक आली, “मुनीमजी, चला आता, सूर्य टेकला. राहिलेलं उद्या बघू.” मुनीमजींनी संगणक बंद करण्याची आज्ञा दिली. पडदा काळा झाला, यंत्र थांबेना. एक मिनिट गेले, दीड गेले. शेवटी बाबूजींनीच हात लांबवून भिंतीवरचे बटण बंद केले आणि शटर खाली आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्ल्यातली रोकड संगणकातल्या शिलकीपेक्षा ४,२०० रुपयांनी कमी भरली. मुनीमजी म्हणाले, “भाड्याची नोंद मी केली होती.” तक्त्यात नोंद नव्हती. गाडीवाल्याला फोन लावला. भाडे मिळाल्याचे त्याने लगेच सांगितले. पैशांचा प्रश्न तेथेच मिटला. बाबूजी कोणावर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “होतं असं कधी कधी, मुनीमजी. वयही झालं आता.”

आरोप कसलाच नव्हता, पण ते वाक्य मुनीमजींच्या मनातून जाईना. नोंद केल्याचे त्यांना स्पष्ट आठवत होते आणि तक्ता तर कोरा होता. तिसऱ्या दिवशी ते बाबूजींना म्हणाले, “मार्चचा हिशेब पुरा करून देतो. मग मला मोकळं करा. आता माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही.” जीएसटीचे विवरण पाहण्यासाठी आलेली धाकटी सून शेजारच्या टेबलावर बसली होती. तिने हे ऐकले.

यंत्र बंद होते म्हणजे काय होते

या पेढीवर नेमके काय घडले ते कळण्यासाठी यंत्राच्या बंद होण्याचा क्रम समजला पाहिजे. दिव्याचे बटण दाबले की दिवा विझतो, तसा संगणक बंद होत नसतो. त्याचे बंद होणे पेढी बंद होण्यासारखेच असते. आधी गिऱ्हाईक जाते, मग हमाल, मग हिशेब, मग तिजोरी आणि सर्वांत शेवटी कुलूप.

आजच्या बहुतेक लिनक्स प्रणालींत ही सर्व व्यवस्था ‘सिस्टमडी’ नावाचा कार्यक्रम पाहतो. तो २०१० साली पुढे आला आणि काही वर्षांतच बहुतेक मोठ्या लिनक्स प्रणालींनी तो स्वीकारला. यंत्र सुरू होताना सर्वांत आधी तोच जागा होतो आणि बाकीच्या सेवांना क्रमाने उठवतो. छपाईची सेवा, नेटवर्कची सेवा, वेळ जुळवणारी सेवा अशा कितीतरी सेवा पडद्यामागे काम करत असतात. बंद करण्याची आज्ञा मिळताच तो उलट्या क्रमाने प्रत्येकीला ‘आवरते घ्या’ असा निरोप पाठवतो. हा निरोप विनंतीचा असतो. सेवेने हातातले काम पुरे करावे, उघडलेल्या फायली मिटाव्यात आणि आपण होऊन थांबावे, अशी अपेक्षा असते.

सेवा थांबली नाही तर सिस्टमडी वाट पाहतो. सर्वसाधारणपणे ही मुदत ९० सेकंदांची असते. काही प्रणालींत ती कमी ठेवलेली असते. मुदत संपली की मात्र तो विनंती करत नाही, त्या सेवेला सक्तीने बंद करतो. सर्व सेवा थांबल्यावर स्मरणात शिल्लक राहिलेली माहिती डिस्कवर लिहिली जाते, डिस्कचे कप्पे रीतसर मिटले जातात आणि शेवटी विजेचा पुरवठा तोडण्याचा आदेश निघतो.

यातली एक गोष्ट व्यापाऱ्याने विशेष ध्यानात ठेवावी. पडद्यावर दिसणारी प्रत्येक नोंद त्याच क्षणी डिस्कवर लिहिली गेलेली असतेच असे नाही. डिस्क स्मरणाच्या मानाने फार मंद असते. म्हणून लिनक्स लिहिण्याजोगी माहिती काही काळ, बहुधा अर्ध्या मिनिटापर्यंत, स्मरणात गोळा करून ठेवते आणि मग एकदम लिहून टाकते. चांगले हिशेबाचे सॉफ्टवेअर महत्त्वाची नोंद होताच ती डिस्कवर उतरवण्याचा आग्रह धरते. साध्या तक्त्यातली नोंद मात्र जतन करेपर्यंत स्मरणातच राहते. स्मरण विजेवर जगते. वीज तुटली की त्यातले सर्व क्षणात नाहीसे होते.

आजच्या लिनक्स यंत्रांत फायलींची मांडणी सांभाळणारी एक टाचणवही डिस्कवरच असते. वीज अचानक गेली तरी पुढच्या वेळी तिच्या आधारे डिस्क सावरते. पण ही टाचणवही मांडणी वाचवते, डिस्कपर्यंत न पोहोचलेली नोंद वाचवत नाही. घराच्या भिंती शाबूत राहाव्यात आणि टेबलावरचा कागद उडून जावा, असा तो प्रकार असतो.

यंत्र कोणासाठी थांबते

बंद होताना यंत्र अडले याचा अर्थ बहुतेक वेळा ते कोणाची तरी वाट पाहत असते. ती वाट कोणाची, हे कळले की उपाय निम्मा झाला. पेढीवर आणि घरी सामान्यतः पुढील कारणे आढळतात.

पहिले कारण नेटवर्कवरच्या फायलींचे. फायली दुसऱ्या यंत्रात असतील आणि ते यंत्र किंवा राऊटर आधी बंद झाला असेल, तर पुढचे यंत्र त्या फायली मिटू शकत नाही. ते उत्तराची वाट पाहत राहते. अशा अवस्थेत अडकलेल्या कार्यक्रमावर सक्तीचा आदेशही पुष्कळदा चालत नाही. कारण तो यंत्राच्या अगदी गाभ्याशी, ‘उत्तर आल्याशिवाय हलायचे नाही’ अशा स्थितीत उभा असतो. कल्पिलेल्या पेढीवर हेच घडले होते.

दुसरे कारण पेन ड्राइव्हचे. दिवसाचा हिशेब पेन ड्राइव्हवर उतरवून घरी नेण्याची पद्धत पुष्कळ पेढ्यांवर आहे. पडद्यावरची पट्टी भरली की काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात माहिती अजून स्मरणातच असू शकते आणि स्वस्त पेन ड्राइव्हवर ती उतरायला कित्येक मिनिटे लागू शकतात. येथे यंत्र अडलेले नसून कामात असते. पेन ड्राइव्हचा दिवा लुकलुकत असेल तर थांबणे हाच उपाय. पेन ड्राइव्ह काढण्यापूर्वी ‘सुरक्षितपणे काढा’ ही आज्ञा द्यावी; ती दिल्यावर सर्व माहिती उतरेपर्यंत यंत्र स्वतःच थांबायला सांगते.

तिसरे कारण छपाईयंत्राचे. छपाईयंत्र आधीच बंद केलेले आणि एखादी हिशेबपट्टी छपाईच्या रांगेत अडकलेली असेल, तर छपाईची सेवा थांबायला वेळ घेऊ शकते. नेटवर्कवर दुसरी छपाईयंत्रे शोधत राहणारी एक जोडसेवाही असते आणि बंद होताना विलंब लावण्याबद्दल ती चांगलीच ओळखली जाते. पेढीवर एकच छपाईयंत्र तारेने जोडलेले असेल तर तिची गरज नसते. जाणकाराकडून ती कायमची बंद करून घ्यावी.

चौथे कारण उघडे राहिलेले कार्यक्रम. तक्ता, ब्राउझर, विंडोजसाठी बनलेले पण लिनक्सवर चालवलेले एखादे हिशेबाचे सॉफ्टवेअर, यांतले काही उघडे असताना बंद करण्याची आज्ञा दिली तर यंत्र त्यांच्यासाठी खोळंबू शकते. आधी कार्यक्रम मिटावेत आणि मग यंत्र.

पाचवे कारण कमी स्मरणाचे. जुन्या यंत्रात स्मरण अपुरे पडले की लिनक्स त्यातला काही भाग डिस्कवर हलवून ठेवते. बंद होताना ती माहिती परत आवरावी लागते आणि जुन्या फिरत्या डिस्कवर या कामाला वेळ लागतो. यंत्र दररोज असेच रेंगाळत असेल तर स्मरण वाढवणे किंवा डिस्क बदलून एसएसडी बसवणे हा खर्च सार्थकी लागतो.

सहावे कारण वेगळ्या जातीचे आहे. सर्व कामे आटोपतात, डिस्क मिटते आणि तरीही दिवा व पंखा चालूच राहतात. येथे यंत्र कोणाचीही वाट पाहत नसते. विजेचा पुरवठा तोडण्याचा आदेश मदरबोर्डपर्यंत नीट पोहोचत नसतो. प्रणाली अद्ययावत करणे आणि मदरबोर्डचे बायोस अद्ययावत करणे हे त्याचे पहिले उपाय. पडद्यावर शेवटची ओळ ‘पॉवर डाऊन’ अशी आली असेल, तर हिशेब सुरक्षित आहे असे समजून यंत्राचे बटण दाबून धरण्यास हरकत नाही.

पडद्यामागे पाहणे

यंत्र बंद होताना बहुधा नुसते चिन्ह किंवा काळा पडदा दिसतो. त्या वेळी एस्केप ही कळ दाबली तर पुष्कळ प्रणालींत मागच्या ओळी दिसू लागतात. त्यांत एखादी ओळ पुढेमागे सरकणाऱ्या लाल तारकांसह थबकलेली दिसली, तर ती नीट वाचावी. अमुक सेवा थांबवण्याचे काम चालू आहे, इतके सेकंद झाले, मुदत इतकी आहे, असे तीत लिहिलेले असते. सेकंद पुढे सरकत आहेत आणि मुदत दिलेली आहे, तोवर यंत्र जिवंत आहे आणि स्वतःच मार्ग काढणार आहे. त्या ओळीचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवले तर दुरुस्तीला येणाऱ्या माणसाचे अर्धे काम होते.

छायाचित्र राहून गेले तरी बिघडत नाही. लिनक्स आपल्या प्रत्येक हालचालीची वेळेसह नोंद ठेवते. त्या नोंदवहीला ‘जर्नल’ म्हणतात आणि ती वाचण्याच्या आज्ञेचे नाव ‘जर्नलसीटीएल’. यंत्र सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंतचा काळ हे या वहीचे एक पान. आजचे पान शून्य क्रमांकाचे, त्याच्या आधीचे उणे एक, त्याच्याही आधीचे उणे दोन. टर्मिनल उघडून ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत लिहावी, तिच्यापुढे उणे चिन्ह व ‘बी’ हे अक्षर लिहून एक जागा सोडावी आणि मग पानाचा क्रमांक घालावा. ते पान उघडते. बंद होतानाचा वृत्तांत पानाच्या तळाशी असतो.

त्या पेढीवरील धाकट्या सुनेला एवढे ठाऊक होते. ती म्हणाली, “मुनीमजी, या यंत्राचीही एक कीर्द असते. त्या दिवशीचं पान काढून बघू या.” तीन पाने मागे गेल्यावर ती संध्याकाळ सापडली. पाच वाजून पंचवीस मिनिटांना एक ओळ होती. गोदामातले यंत्र उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे, असा तिचा अर्थ. सव्वीसला बंद करण्याची आज्ञा. मग एकेक सेवा थांबल्याच्या ओळी. नेटवर्कवरच्या फायली मिटल्याची ओळ मात्र कोठेच नव्हती. अठ्ठावीसनंतर पान कोरे. रीतसर बंद झालेल्या दिवशी शेवटी नोंदवही मिटल्याची ओळ असते; तीही नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पानावर आरंभीच, डिस्क टाचणवहीच्या आधारे सावरली, अशी नोंद होती.

सुनेने बाबूजींना बोलावून त्या ओळी वाचून दाखवल्या. “बाबूजी, यंत्र मुनीमजींची नोंद गोदामाकडे पोहोचवायचा प्रयत्न करत होतं. गोदामाचं यंत्र आणि राऊटर तेव्हा आधीच बंद होते. म्हणून ते वाट बघत थांबलं. अठ्ठावीसला वीज तुटली.”

त्या संध्याकाळी कळमन्यात वीज गेली नव्हती. बटण कोणी बंद केले होते हे तिघांनाही ठाऊक होते.

बाबूजी थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे नोंद केली होती.”

“केली होती,” सून म्हणाली. “पोहोचली नव्हती.”

मुनीमजींनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. बाबूजी त्यांच्याकडे वळून म्हणाले, “मुनीमजी, त्या दिवशी घाई माझी होती. आणि वयाचं मी बोललो, ते बोलायला नको होतं.”

मुदत कमी करण्याचा मोह

बंद होताना अडणाऱ्या यंत्रावर एक सोपा उपाय हमखास सुचवला जातो. सिस्टमडीच्या मांडणीत वाट पाहण्याची मुदत लिहिलेली असते. ९० सेकंदांऐवजी तेथे १० किंवा १५ सेकंद लिहावेत, म्हणजे यंत्र चटकन बंद होते. ते होते हे खरे. पण ती मुदत सर्वच सेवांना लागू होते. एका सेवेचा दोष असताना हिशेबाच्या भांडारालाही आवरायला वेळ न देणे हे शहाणपणाचे नव्हे. मोठ्या फायली मिटायला त्याला कदाचित वीस-पंचवीस सेकंद खरोखरच लागत असतील. जी सेवा दोषी ठरली तिच्यापुरतीच मुदत वेगळी कमी करता येते, आणि जाणकाराकडून तेवढेच करून घ्यावे.

नेटवर्कवरच्या फायलींबाबतही असाच एक मोह असतो. ‘उत्तर आले नाही तर नाद सोडून द्यावा’ अशी सैल जोडणी करता येते. तीत यंत्र अडत नाही, पण लिहिणे अर्धवट सुटून फाईल बिघडण्याचा धोका राहतो. हिशेबाच्या फायलींसाठी ती वापरू नये. यंत्र वाट पाहते हा त्याचा दोष मानण्यापेक्षा, ज्याची वाट पाहावी लागते तो आधी निघून जाणार नाही अशी व्यवस्था करावी.

अगदीच गत्यंतर नसेल तेव्हा

पाच-सात मिनिटे झाली, सेकंदही पुढे सरकत नाहीत, डिस्कचा किंवा पेन ड्राइव्हचा दिवा लुकलुकत नाही, अशा वेळी यंत्र खरोखरच अडले आहे असे मानावे. तेव्हाही भिंतीवरच्या बटणाआधी एक मार्ग शिल्लक असतो. लिनक्सच्या गाभ्यात संकटकाळासाठी काही आज्ञा ठेवलेल्या आहेत. कीबोर्डवरील ‘ऑल्ट’ आणि ‘प्रिंट स्क्रीन’ या दोन कळा एकत्र दाबून धराव्यात आणि तशाच स्थितीत ‘एस’ हे अक्षर दाबावे. स्मरणात उरलेले डिस्कवर लिहून टाकावे, असा त्याचा अर्थ. चार-पाच सेकंद थांबून ‘यू’ दाबावे. डिस्क फक्त वाचण्यापुरती खुली राहते, तिच्यावर लिहिणे थांबते. आणखी चार-पाच सेकंदांनी ‘ओ’ दाबावे, वीज तुटते. डेबियन व उबुंटू या प्रचलित प्रणालींत या तिन्ही आज्ञा सामान्यतः चालू असतात. काही लॅपटॉपवर ‘प्रिंट स्क्रीन’साठी आणखी एक कळ सोबत दाबावी लागते, म्हणून ऐन अडचणीची वाट न पाहता एखाद्या निवांत दिवशी सराव करून ठेवावा.

या मार्गाने यंत्राच्या स्वतःच्या डिस्कवर जायचे ते वाचते. दुसऱ्या, आधीच बंद झालेल्या यंत्राकडे जायची नोंद मात्र यानेही पोहोचत नाही. तिच्यासाठी एकच करता येते. बंद करण्याची आज्ञा देण्यापूर्वीच खिडकी फिकट झालेली दिसली, तर राऊटर व गोदामाचे यंत्र पुन्हा सुरू करावे. थोड्याच वेळात अडलेली नोंद आपोआप पुढे जाते आणि पडदा पूर्ववत होतो.

यूपीएसचाही येथे विचार व्हावा. जुन्या बॅटरीचा यूपीएस वीज गेल्यावर काही मिनिटेच तग धरतो. यंत्र बंद व्हायलाच तीन-चार मिनिटे घेत असेल तर उन्हाळ्यातल्या एखाद्या दुपारी त्या मिनिटांत ते पुरे बंद होईलच असे नाही. संध्याकाळी केवळ त्रासदायक वाटणारा विलंब तेव्हा नुकसानकारक ठरतो. राऊटर आणि गोदामाचे यंत्रही यूपीएसवरच असणे म्हणूनच आवश्यक.

भिंतीवरचा कागद

त्या पेढीवर दुरुस्तीसाठी एक रुपयाही खर्च झाला नाही. गल्ल्याच्या मागे भिंतीवर एक कागद लागला. अक्षर मुनीमजींचे, वळणदार आणि ठसठशीत.

१. सूर्यास्ताच्या वीस मिनिटे आधी नवीन नोंदी थांबवाव्यात.
२. तक्ता जतन करावा, मिटावा आणि पुन्हा उघडून शेवटची नोंद पाहावी.
३. पेन ड्राइव्ह सुरक्षितपणे काढावा.
४. आधी गल्ल्याचा संगणक बंद करावा. दिवा विझेपर्यंत थांबावे.
५. मग गोदामाचा संगणक, मग राऊटर, शेवटी भिंतीवरचे बटण.
६. यंत्र अडले तर वेळ लिहून ठेवावी आणि सूनबाईंना सांगावे.

पाचव्या ओळीखाली, गोदामात काम करणाऱ्या मुलासाठी, ‘राऊटर सर्वांत आधी नाही’ असे लाल शाईने लिहिलेले होते. त्या मुलालाही कोणी दोष दिला नाही. क्रम त्याला आजवर कोणी सांगितलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी मुनीमजींनी शेवटची नोंद केली, तक्ता मिटला, पुन्हा उघडून पाहिला आणि बंद करण्याची आज्ञा दिली. यंत्राने बारा सेकंद घेतले. बाबूजी दारात उभे होते. त्यांनी घाई केली नाही. मार्चनंतर मोकळे होण्याची गोष्ट मुनीमजींनी पुन्हा काढली नाही.